सतरावं वलय

आयटीआयच्या चौकात रोपांनी भरलेला हातगाडा आडवा आला, रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि गुरुपादचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. शेजारी बसलेली अव्वा, लेकाला लागलं का हे न विचारता, गाड्याकडे बघत म्हणाली, "येवढंच व्हतं बघ त्ये, दुसऱ्यांदा आणलं तवा." गावाहून नांदेडला लेकाकडे येऊन केलेल्या तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पंधरा दिवस झाले होते. उजव्या डोळ्याला नवी नजर आल्यापासून ती दिसेल त्या वस्तूवर काहीबाही बोलत असे. दुकानांच्या पाट्या, रेल्वे कॉलनीची पिवळी भिंत, गुरुद्वाऱ्याकडे निघालेल्या यात्रेकरूंच्या निळ्या पगड्या, कशालाच ती सोडत नव्हती, आणि गुरुपाद अर्ध्या कानाने हूं हूं करत होता. आताही कपाळ चोळत त्याने सवयीने हूं केलं. मग ते वाक्य आत कुठेतरी अडकलं. कसलं दुसऱ्यांदा, त्याने विचारलं. अव्वाने एकदम पदर पुढे ओढला, कशाचं न्हाई म्हणाली, आणि घर येईपर्यंत जणू डॉक्टरांनी डोळ्याऐवजी तोंडालाच पट्टी बांधली असावी, इतकी गप्प राहिली. रिक्षावाल्याशी पैशांवरून घासाघीस करायचंही तिला सुचलं नाही, यावरूनच गुरुपाद काय ते समजला.

कारण अव्वाच्या आयुष्यात रोपाचं झाड एकच होतं. चाकूरच्या रानात, बांधालगत, शंकरच्या समाधीशेजारी. त्यांच्यात माणूस जाळत नाहीत. तळहातावर लिंग देऊन, मांडी घालून बसवतात आणि माती देतात, आणि ज्याला स्वतःचं रान आहे तो आपल्याच रानात देतो. गुरुपादचा धाकटा भाऊ शंकर अकराव्या वर्षी ताप डोक्यात जाऊन गेला, एकाहत्तरच्या उन्हाळ्यात. अप्पांनी समाधीच्या फरशीवर तारीख कोरून घेतली, आणि पाऊस पडल्यावर, बेलाचं रोप मिळेना म्हणून, सरकारी रोपवाटिकेतून एका वर्षाचं सागाचं रोप आणून तिथे लावलं. लोक म्हणाले, नागप्पा, या काळ्या मातीत साग येतो होय? पण तो आला. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी कोरड्या ठणठणीत पडल्या, रानातल्या बाभळीसुद्धा मान टाकून बसल्या, आणि हे झाड मात्र तगलं, हे अप्पा गेली तेरा-चौदा वर्षं येईल त्याला सांगत आले होते. सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा. माझं पोरगं हटलं न्हाई, म्हणायचे. गुरुपाद वनस्पतिशास्त्र शिकला, पुण्याला जाऊन झाडांच्या खोडातली वलयं वाचायला शिकला, नांदेडच्या कॉलेजात प्राध्यापक झाला, तरी हे वाक्य ऐकताना दर वेळी त्याची नजर खाली जायची. हटलं नाही ते पोरगं तिथे होतं, आणि हटलेलं, गाव सोडून नांदेडला येऊन राहिलेलं, हे असं समोर उभं.

वलयं वाचणं म्हणजे तसं फार मोठं गौडबंगाल नाही, असं तो विद्यार्थ्यांना सांगे. साग दर पावसाळ्याला अंगावर एक वलय चढवतो. पाऊसकाळ चांगला तर वलय रुंद, वाईट तर अरुंद. किनवटच्या जंगलातून आणलेले जुन्या सागांचे बुंधे त्याच्या प्रयोगशाळेत भिंतीला टेकून उभे होते, दीडशे-दीडशे वर्षांचे, आणि गेली सहा वर्षं तो भिंगाखाली त्यांच्यातले दुष्काळ मोजत होता. अडचण एकच होती. चार ठिकाणी तीन-तीन अरुंद वलयं एकाला एक चिकटून आली होती. ती सलग तीन कोरडी वर्षं, की दोनच? पाऊस मध्येच तुटला तर झाड थबकतं, पुन्हा चार सरी आल्या की पुन्हा वाढू लागतं, आणि मग एकाच वर्षात दोन वलयं उमटतात, त्यातलं एक खोटं. या मुलखातला साग असं करतो का, हे ठरवायला लागवडीचं पक्कं साल ठाऊक असलेलं झाड हवं होतं. खेड्यापाड्यांतून तो पोकळ गिरमिट घेऊन हिंडला. लोक साल सांगायचे ते रझाकाराच्या टायमाला, नाहीतर थोरल्या बाईच्या लग्नात. दगडावर तारीख कोरलेलं झाड आख्ख्या मराठवाड्यात त्याला एकच माहीत होतं. फेब्रुवारीत त्याने समाधीला हात जोडले, खोडाला अगदी बुडाशी गिरमिट लावलं आणि पेन्सिलीएवढी कांडी बाहेर काढली. रोपवाटिकेतलं एक आणि रानातली पंधरा, मिळून सोळा वलयं हवी होती. सतरा भरली. त्यातली दोन अरुंद, एकमेकांना खेटून, बरोबर बहात्तरच्या जागी, म्हणजे त्यातलं एक खोटं, आणि किनवटची तीन-तीन वलयंही दोनच वर्षांची. त्या दिवशी गुरुपाद रानात एकटाच हसला होता. पुण्याच्या सरांनी पत्रातून बजावलं, एका झाडाच्या साक्षीवर जाऊ नकोस, आणखी झाडं शोध. ते त्याला पटलंही. पण या झाडाची साक्ष त्याला इतर कुठल्याही झाडापेक्षा गोड लागत होती, आणि आणखी शोधायचं राहून गेलं.

तेवढ्यात लातूरहून शेषेरावचं पत्र आलं. शेषेराव त्याच्याबरोबर चाकूरच्या शाळेत होता, आता पाटबंधारे खात्यात उपअभियंता. लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, आणि नवा जिल्हा नव्या नवरीसारखा हौशी होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव रंगाखालून अजून दिसत होतं, पण समित्या मात्र धडाधड स्थापन होत होत्या. दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला होता. तलावात शहराला आणि खालच्या बावीस गावांना पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जपून पुरेल एवढं प्यायचं पाणी उरलं होतं, आणि तलावाखाली हजारो एकर ऊस वाळत उभा होता. उसाला पाणी सोडा म्हणून रोज मोर्चे येत. सोडलं आणि यंदाही पाऊस आला नाही तर माणसांनी काय प्यायचं, एवढाच प्रश्न होता. शेषेरावने मागितलं म्हणून गुरुपादने दोन पानी टिपण लिहून दिलं. 'गेल्या दीडशे वर्षांत सलग तिसरे वर्ष कोरडे गेल्याचा पुरावा मिळत नाही.' हे वाक्य लिहिताना त्याला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. अप्पांचाही दोन एकर ऊस त्या पाण्याची वाट बघत होता, हेही त्यात कुठेतरी होतं. शनिवारी लातूरला बैठक होती आणि सोमवारी तलावाचं दार उघडायचं जवळजवळ ठरलंच होतं. जुलैचा दुसरा आठवडा संपत आला होता आणि आभाळ पुसून ठेवल्यासारखं कोरडं होतं.

रिक्षातून आले त्या दुपारी बायको, शिवकांता, शाळेत शिकवायला गेल्यावर तो अव्वासमोर जाऊन बसला. ती डोळ्यावरची हिरवी पट्टी सारखी करत, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसली होती. त्याने विचारलं, पुन्हा विचारलं, आणि शेवटी ती बोलली. बोलायला लागल्यावर मात्र, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एका दमात बोलली. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात अप्पा गुरं घेऊन छावणीला गेले, दोन महिने. जाताना तिला सांगून गेले की काही झालं तरी शंकरच्या झाडाला रोज एक तांब्या पाणी. घरात दिवसाला दोन घागरी यायच्या, त्याही सहा कोसांवरून आलेल्या टँकरच्या रेटारेटीत. आणि त्याच महिन्यात हैदराबादला शिकत असलेला गुरुपाद परीक्षा अर्धी टाकून विषमज्वराने फणफणून घरी आला. डॉक्टर म्हणाला, उकळून गार केलेलं पाणी सारखं पाजत राहा, दुसरं औषध नाही. आठवडाभर तिने दोन्हीकडे ओढाताण केली, स्वतः ओठ ओले करून राहिली. मग एका सकाळी तांब्या घेऊन रानाकडे निघाली आणि उंबऱ्यातून परत आली. ताप उतरल्यावर रानात गेली तर रोपाची काडी झाली होती. मोडली तर कट्‌कन मोडली, ती म्हणाली, आणि दोन बोटांनी हवेत मोडून दाखवली. रोपवाटिकेचा राखणदार ज्ञानोबा ओळखीचा होता. त्याच्याकडे डालड्याच्या डब्यात खुंटून बसलेलं एक रोप होतं, अप्पांच्या रोपाएवढंच उंच. घेऊन जा, पण ह्ये एक वरीस थोरलं हाय, तो म्हणाला होता. तिने ते डोक्यावर आणलं, कुणी नसताना लावलं, जुनी काडी चुलीत घातली. आठ दिवसांनी अप्पा आले आणि झाड बघून रडले.

"म्या तुला पाणी पाजलं," अव्वा म्हणाली. "शंकरच्या वाट्याचं. त्यानला कळू द्यायचं न्हाई, गुरू. लिंगावर हात ठीव." गुरुपादचा हात आपोआप गळ्याकडे गेला. लहानपणापासून गळ्यात असलेली, लिंग ठेवलेली ती चांदीची करंडी तो आंघोळीलासुद्धा काढत नसे, आणि त्यावर त्याचा विश्वास आहे की नाही हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्याने हात ठेवला. नाही सांगणार, म्हणाला. म्हणताना त्याच्या डोक्यात आकडे मांडले जात होते, ते थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. झाड एक वर्ष थोरलं. सतरा वलयं, सतरा वर्षं. खोटं वलय नाहीच. अरुंद दोन वलयं म्हणजे एकाहत्तर आणि बहात्तर, दोन सरळ खरी वर्षं. मग किनवटच्या बुंध्यांतली तीन-तीन अरुंद वलयंही खरी. दीडशे वर्षांत चार वेळा या मातीने सलग तीन वर्षं पाऊस पाहिला नव्हता, आणि त्याने प्रत्येक वेळी त्यातलं एक वर्ष पुसून टाकलं होतं.

पुढचे तीन दिवस त्याला कशाचीच चव लागेना. वर्गात शिकवताना तो मध्येच थांबायचा आणि पोरं एकमेकांकडे बघायची. नळाला पाणी आलं की तो नळाशी जाऊन उभा राहायचा. शिवकांताने विचारलं, काय हरवलंय का? गोदावरीच्या पुलावरून जाताना खाली वाळूत खड्डे करून बसलेल्या बायका दिसत, वाटीवाटीने झरा उपसणाऱ्या, आणि त्याला वाटे की त्यांतल्या एखादीने आता वर बघावं आणि विचारावं, तूच का तो टिपण लिहिणारा? विषमज्वरातल्या त्या पाण्याची चव आठवायचा तो प्रयत्न करी. काही आठवत नसे. तांब्याच्या कडेचा दातांना लागलेला गारवा तेवढा आठवे, आणि अव्वाचा हात, मानेखाली. पस्तिशी गाठलेला, चष्मा लावलेला, दोन शोधनिबंध नावावर असलेला हा माणूस एका कोवळ्या रोपाचं पाणी पिऊन जगला होता, आणि मग प्राध्यापक होऊन, गिरमिट घेऊन, त्याच जागी दुसऱ्याच रोपाला भोक पाडून हसला होता. त्याला स्वतःची शिसारी आली. मग वाटे, सांगायचं कशाला? मोजताना चूक झाली एवढं म्हणावं. चूक माझी, हिशेब माझा, संपलं. हा मार्ग सापडल्यावर शुक्रवारी तो पोटभर जेवला.

शनिवारी सकाळच्या एस.टी.त तो खिडकीशी बसला. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. दोन्हीकडची रानं नांगरून, वखरून, तयार होऊन बसली होती, पेरा कुठेच नव्हता. मोजताना चूक झाली, असं तो मनात घोकत होता. चाकूरला गाडी थांबली आणि अप्पा वर चढले. कपाळाला ताजी विभूती, धुवट धोतर, डोक्याला पांढरा पटका. शेषेरावनेच निरोप धाडला होता की झाड लावणारा माणूस बैठकीत हवा, साहेबांना बघायचाय. अप्पा शेजारी येऊन टेकले, अव्वाच्या डोळ्याचं विचारलं, आणि मग लातूरपर्यंत झाडाचंच बोलत राहिले. यंदाही पानं मोठाली आलीत. सकाळी निघताना पाणी घालून आलो. आता कशाला लागतं त्याला, म्हणशील, मुळं पार खाली गेली असतील, पण सवय. इतक्या वर्षांत छावणीचे दोन महिने सोडले तर एक दिवस चुकलो नाही. आणि ते दोन महिने तुझ्या अव्वानं सांभाळलं. बाई लई कडक, ते हळूच म्हणाले, आणि या वयात बायकोचं कौतुक केल्याची लाज वाटून खिडकीबाहेर बघू लागले. सांगायला तासभर होता. नळेगावचा फाटा आला, तो म्हणाला, आता सांगावं. घरणी मागे पडली. त्याने दोनदा अप्पा अशी हाक मारली, आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी विचारलं.

बैठक एका जुन्या इमारतीच्या लांबट खोलीत होती, खुर्च्या मात्र कोऱ्या करकरीत, काहींवरचा प्लास्टिकचा कागदही काढलेला नव्हता. मोठे साहेब मधे, उसवाले एका बाजूला, शेषेराव फायली घेऊन उभा. अप्पांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. गुरुपाद उठला आणि म्हणाला की टिपणात चूक आहे. तीन अरुंद वलयं ही तीनच वर्षं आहेत, सलग तिसरं वर्ष कोरडं जाऊ शकतं, चार वेळा गेलेलं आहे, दार उघडू नये. खोलीत एकदम गलका झाला. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत झाड काय बोलायला लागलं का, असं उसवाल्यांतल्या एकाने विचारलं आणि चार जण हसले. गुरुपाद म्हणाला, मोजताना चूक झाली. तेव्हा शेषेरावने, दोस्तीखातर, त्याची बाजू सावरण्यासाठीच, कपाटातून ती कांडी काढली. लाकडी पट्टीवर चिकटवून गुरुपादनेच त्याला दिली होती. साहेबांच्या टेबलावर ठेवून दोघांनी भिंगातून मोजली. सतरा. मोजणी बरोबर आहे की, शेषेराव आनंदाने म्हणाला. मग साहेबांनी मान वळवून अप्पांना विचारलं, झाड नक्की कधी लावलं?

अप्पा उभे राहिले. तारीख, वार, नक्षत्र, सगळं सांगितलं. बहात्तरला वाळलं नाही ना, साहेबांनी विचारलं. "न्हाई साहेब. घरी तांब्या लावून दिल्ता म्या. येक पान गळलं न्हाई." साहेब म्हणाले, मग झालं तर, टिपणच बरोबर. शेषेरावने पेनाचं टोपण काढलं. उसवाल्यांत कुणीतरी खुर्ची मागे सारली. गुरुपादला दिसत होतं की आता बोलायला एवढाच वेळ आहे, पेन कागदाला टेकेपर्यंतचा, आणि त्याला जाणवलं की आपला हात गळ्यातल्या करंडीवर गेला आहे आणि तो तिथेच आहे.

"अप्पा," तो म्हणाला. कॉलेजातली भाषा तोंडातून कुठे निघून गेली त्याला कळलं नाही. "त्ये रोप वाळलं व्हतं. तुमी छावणीला व्हता तवा. आत्ता हाय त्ये दुसरं हाय, एक वरीस थोरलं. म्हून सतरा."

अप्पांनी खुर्चीची पाठ धरली. त्यांना कमी ऐकू यायचं, पण हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. साहेब, शेषेराव, उसवाले, सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते फक्त गुरुपादकडे बघत होते.

"रोजचा येक तांब्या लावून दिल्ता," ते म्हणाले. "त्यो कुठं गेला?"

"मला ताप व्हता त्या वर्षी. म्या पिलो, अप्पा."

अप्पांनी त्याला पायांपासून वरपर्यंत पाहिलं, सावकाश, पहिल्यांदाच बघितल्यासारखं. मग ते साहेबांकडे वळले. "पोरगं सांगायलंय त्ये लिहून घ्या," म्हणाले. "दार उघडू नका." नागप्पा, तुमचाबी ऊस हाय की त्यात, असं मागून कुणीतरी बोललं. अप्पा म्हणाले, हाय, आणि खाली बसले. त्यानंतर तासभर भांडण चाललं, उसवाले तावातावाने उठून गेले, निर्णय पंधरा दिवस पुढे गेला, पण दार सोमवारी उघडणार नाही एवढं लिहिलं गेलं. गुरुपादला त्यातलं फारसं ऐकू आलं नाही. तो समोरच्या पांढऱ्या पटक्याकडे बघत होता आणि तो पटका जरासुद्धा हलत नव्हता.

बाहेर पायरीवर चपला घालताना अप्पांनी विचारलं, "अव्वानं सांगितलं?"

"हाव. तुमाला कळू द्यायचं न्हाई म्हून शपत घातली व्हती. लिंगावर."

अप्पांनी एक चपल घातली. दुसरी पायाने चाचपडत राहिले. गुरुपाद वाकून ती सरळ करू लागला तेव्हा त्यांचा हात त्याच्या मानेवर येऊन टेकला, कदाचित तोल सावरायला.

"मंग मला कळलं न्हाई," अप्पा म्हणाले. "तिनं इचारलं तर सांग, अप्पा झाडाला पाणी घालून आले व्हते."

आणि चाकूरची गाडी किती वाजता आहे, हे ते शिपायाला विचारायला लागले.